सर्व्हर चार तास बंद पडला : ९९.९ वरून ९९.९९ वर गेल्याने प्रश्न सुटेल का?

प्रश्न :
मी एका रक्त तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख आहे. गेल्या महिन्यात आमचा सर्व्हर चार तास बंद होता. यंत्रं धडधाकट होती, पण कोणत्या नळीतून कोणत्या तपासण्या करायच्या हे यंत्र सर्व्हरलाच विचारतं. नळ्यांवर नावं होती, तपासण्या नव्हत्या. शेवटी वॉर्डात फोन करून एकेका नावाचं विचारत बसलो.

तोपर्यंत रक्त थांबत नाही हो. आमच्याकडे स्कॅन झाल्याशिवाय नळी सेंट्रिफ्यूजकडे, म्हणजे रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्राकडे, जातच नाही. तशीच राहिली की पेशी साखर वापरत राहतात आणि पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपतं. म्हणजे रिपोर्ट उशिरा येतो आणि चुकीचाही येतो. बरीच सॅम्पलं परत घ्यावी लागली. एका तान्ह्या बाळाची टाच दुसऱ्यांदा टोचली तेव्हा मी शेजारी उभी होते, ते डोक्यातून जात नाही.

आता पुरवठादार म्हणतो, सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू राहील असा करार आहे, तो ९९.९९ चा करा, जोडीला दुसरा सर्व्हर देतो. खर्च जवळपास दुप्पट. व्यवस्थापन माझं मत मागतंय. काय सांगू?

उत्तर १ :
ताई, बावीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आधी हिशेब बघा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. तुमचे चार तास त्यात आरामात बसतात. वर्षाचा हिशेब धरला तर कराराप्रमाणे कुणी चुकलेलंच नाही. ९९.९९ म्हणजे वर्षाला ५३ मिनिटं. पण तो आकडा पाळला गेला नाही तर भरपाई पैशात मिळेल, त्या बाळाला काही मिळणार नाही.

दुसरा सर्व्हर डिस्क गेली, वीज गेली, यासाठी उत्तम. मात्र दोन्हीवर एकच सॉफ्टवेअर असेल तर चूकही दोन्हीकडे एकच. एरियन ५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात, ४ जून १९९६ ला, नेमकं हेच झालं. दिशा सांगणारे दोन संगणक होते, एक मुख्य, एक राखीव. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि दोन्ही एकाच कारणाने बंद पडले. चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट संपलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकले. सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली होती, तरी कित्येक ठिकाणी माणसाला एकेका मशीनसमोर बसून ती काढावी लागली.

माझाच अनुभव सांगतो. एका ठिकाणी बॅकअपच्या अहवालात रोज रात्री हिरवी खूण यायची. अकरा महिने आली. डिस्क गेली त्या पहाटे तीन वाजता बॅकअप उघडला तर आत काहीच नाही. डेटाबेस दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला होता आणि स्क्रिप्ट इमानदारीने जुन्या रिकाम्या फोल्डरची प्रत काढत होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोऱ्या मशीनवर बॅकअप चढवतो आणि रोज ते काम करणाऱ्या माणसालाच मागच्या आठवड्याची नोंद शोधायला लावतो. दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, यातून निघतं काय, बंद करा. विश्वासार्हतेची खरी किंमत ही आहे, आणि ती दरवर्षी नव्याने भांडून मिळवावी लागते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नळीबरोबर तपासण्या लिहिलेला कागद येऊ द्या. आणि महिन्यातून दोन तास, कामाचा जोर कमी असताना, सर्व्हर नाही असं समजून काम करा. त्या दोन तासांत काम कमी होईल, ते बजेटमध्ये उघडपणे मांडा.

उत्तर २ :
मी तंत्रज्ञ आहे, सरांचं पटलं, पण एक काळजी घ्या. हाताने लिहिताना ७ चा १ होतो, शेजारच्या ओळीतला आकडा उतरवला जातो. सरावाला रुग्णांची सॅम्पलं घेऊ नका, कंट्रोल (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं अशी सॅम्पलं) वापरा. आणि खरोखर बंद पडून सर्व्हर परत सुरू झाला की कागदावरचं आत भरताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाकायचं. आमच्याकडे सर्वांत मोठा घोळ सिस्टीम सुरू झाल्यानंतरच्या तासात झाला होता.

प्रश्नकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. आज सगळ्यांना विचारलं, यंत्रात तपासण्या हाताने कोण घालू शकतं? बारा जणांत दोघं. त्यातले एक तीन महिन्यांनी निवृत्त होतायत. मंगळवारी दुपारी दोन ते चार पहिला सराव ठेवलाय, तेच शिकवणार आहेत. दुसऱ्या सर्व्हरचा प्रस्ताव फेटाळलेला नाही. पुरवठादाराला लेखी विचारलंय, दोन्ही सर्व्हरवर अपडेट एकाच वेळी टाकता की काही दिवसांच्या अंतराने. उत्तर आलं की इथे लिहिते.