तीन पत्ती, होल्डम, ओमाहा: नशीब किती, डोकं किती?

परभणीकर:
पोळ्याच्या रात्री आमच्या गावात पारामागं डाव बसतो. यंदा तिथं वाद पेटला. म्हातारी माणसं म्हणाली, पत्ते म्हणजे नशीबच. मोबाइलवर पोकर शिकलेली पोरं म्हणाली, सगळं डोक्याचं काम. मला दोन्ही पटत नाही. पानं हातात आल्यावर किती निर्णय तुमच्याकडं उरतात, ते बघा.

तीन पत्तीत तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यातल्या १६,४४० मध्ये साधी जोडी किंवा तिच्यावरचं काहीच नसतं. पडलेली पानं बदलत नाहीत, नवीन येत नाहीत. होल्डम आणि ओमाहा हे पोकरचे प्रकार. होल्डममध्ये दोन पानं आपली, पाच मधली सगळ्यांची, बोलीच्या चार फेऱ्या. कोण आधी बोललं, किती लावले, कुठं थबकलं, यावरून समोरच्याच्या पानांचा अंदाज बांधता येतो.

ओमाहाचं मला खरं नवल वाटतं. चार पानं मिळतात, त्यातली दोनच वापरायची, म्हणजे दोन पानं निवडायचे सहा मार्ग. होल्डममध्ये दोन एक्के दोन राजांना पाचातून चारदा हरवतात. ओमाहात तेच एक्के चांगल्या चार पानांपुढं कित्येकदा ६०-४० वर येतात. एका डावात नशीब वाढलं, आणि शिकण्यासारखंही वाढलं! या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट नाहीत, हे मला पटवायचंय.

हिंगोलीचा पाहुणा:
तीन पत्तीला कमी लेखू नका. ब्लाइंडवाल्यापेक्षा, म्हणजे पानं न बघता खेळणाऱ्यापेक्षा, बघणाऱ्याला दुप्पट चाल द्यावी लागते. कधी बघायचं, हाच मोठा निर्णय आहे. आमच्याकडं एक काका पानं न बघता निम्म्या मंडळींना पॅक करायला, म्हणजे डाव सोडायला, लावतात.

नांदेड_वकिली:
सर्वोच्च न्यायालयानं सत्यनारायण खटल्यात (१९६७) रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्त्यांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये नशिबाच्या बाजूला टाकलं. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं तर पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना हा फरकच ठेवला नाही.

परभणीकर:
कोर्टाचं राहू द्या, प्रयोग बघा. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमनं दोघांच्या होल्डममध्ये चार कसलेल्या खेळाडूंना हरवलं. नुसत्या नशिबाच्या खेळात असं कसं होईल? २० दिवस, १,२०,००० डाव!

लातूरची लेक:
दादा, तो आकडा तुमच्याच विरुद्ध जातो. कौशल्य नशिबातून वर यायला एवढे डाव लागले. पाराजवळ डावाला दोन मिनिटं धरा, तासाला ३० डाव. १,२०,००० डावांना ४,००० तास. रोज रात्री आठ तास बसलं तरी ५०० रात्री. पोळा वर्षातून एकदाच येतो.

माझ्या भावानं आडतीवरून आणलेली सोयाबीनची पट्टी एका रात्रीत घालवली. तो चांगला खेळायचा, हे मी आजही मान्य करते. पण चांगलं खेळणाऱ्यालाही हरणारे डाव सोसायला पैसा लागतो, आणि आमच्या पैशात खताची उधारी फेडायची होती. ५०० व्या रात्रीपर्यंत टिकणारं घर कुणाचं आहे?

परभणीकर:
ताई, हिशेब बिनतोड आहे, मान्य. मी डावाची रचना बघायलो होतो, डावाला बसणाऱ्याची पुंजी धरलीच नाही. तरी होल्डम आणि तीन पत्ती एकाच तराजूत घालणं मला पटत नाही.

लातूरची लेक:
घालू नका. फरक आहेच. फक्त पोरांना सांगताना तुमच्या वाक्यातलं ‘डोकं’ सांगता, तर ४,००० तासही सांगा.

हिंगोलीचा पाहुणा:
परभणीकर, पुढच्या पोळ्याला आमच्याकडं या. चिंचोक्यांवर खेळू, पैसा नको. अर्धी रात्र तीन पत्ती, अर्धी होल्डम, आणि प्रत्येक डाव वहीत लिहू. काकांनाही बसवतो. वही ताईंकडं पाठवू, हिशेब त्यांनीच करावा.