वजीर गेला तरी पोरगी डाव सोडत नाही. चुकतंय का तिचं?

महालवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्यावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला आहे.

मुलगी अकरा वर्षांची. जुलै २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखने बाटुमीला हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा वर्ल्डकप घेतला, त्या आठवड्यात अर्ध्या नागपूरने पोरांना बुद्धिबळाच्या क्लासला घातलं. आम्हीही घातलं. आता ती घरी टॅबवर दहा मिनिटांचे डाव खेळते.

मी शिकलो नागपूरच्या महाल भागात, आजोबांच्या वाड्याच्या ओट्यावर. तिथे रीत अशी की वजीर फुकटात गेला आणि बदल्यात काही मिळायचं नसलं, तर आपणच आपला राजा आडवा ठेवायचा आणि म्हणायचं, "चला, चहा सांगा." जो नुसता राजा घेऊन पटभर पळायचा त्याला आजोबा विचारायचे, "काय रे, याची वरात काढतोस का?" ते ऐकण्यापेक्षा डाव सोडलेला बरा.

परवा रविवारी दुपारी कुलरसमोर बसून पोरगी खेळत होती. बाराव्या की तेराव्या चालीला वजीर गेला, मग हत्ती, मग जे होतं नव्हतं ते सगळं. उरला एकटा राजा. समोर दोन वजीर, आणि तो गडी तिसरा करायच्या तयारीत. म्हटलं, "अगं सोड आता, समोरच्याचा वेळ कशाला खातेस?" तर म्हणते, "मी कुठे खातेय? विचार तर तोच करतोय." तिचा राजा एच८ला कोपऱ्यात, आणि त्या शहाण्याने वजीर आणून ठेवला जी६वर. शह नाही, राजाला हलायला घर नाही. स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत! ही इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून डोकावल्या. समोरच्याने चॅटमध्ये जे लिहिलं ते मी तिला पूर्ण वाचू दिलं नाही.

मला मात्र लाजच वाटली. बोलून गेलो, "हे काही खेळणं नव्हे, ही भीक झाली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर तयार होतं: "आणि तुम्ही घड्याळ चालू ठेवून अंघोळीला गेला होतात, ते काय होतं?"

तर ते असं. मागच्या महिन्यात एकाने घोड्याचा दुहेरी मारा लावून माझा वजीर उचलला. माझ्याकडे सहा मिनिटं चाळीस सेकंद शिल्लक होती. इतका राग आला, की फोन वॉशिंग मशीनवर पालथा ठेवला आणि गेलो अंघोळीला. बाहेर आलो तेव्हा वेळ संपून हरलेलो होतो. इथे टोपणनाव आहे म्हणून हे लिहायची हिंमत झाली.

आता सांगा. ऑनलाइन खेळताना डाव केव्हा सोडायचा? पोरीला सोडायला शिकवू, की मीच गप्प बसू?

तर्री_पोहे:

काका, पोरीचं काहीच चुकून नाई राह्यलं. ज्याच्यापाशी दोन दोन वजीर हायेत अन् तरी मात देता येत नाई, त्यानं लाजाव ना! तुमी काऊन लाजून राह्यले?

मी रोज रात्री तीन मिनिटवाले डाव खेळतो, इन्क्रिमेंट नाई, म्हणजे चालीमागं जादा सेकंद भेटत नाई. वजीर गेला तरी मी सोडत नसतो, कारण समोरच्यापाशी आठ सेकंद असतात अन् त्याचा अंगठा कापत असते. त्याले मात माहीत असन त देईन. नाई त फ्लॅग पडते, म्हणजे त्याचा वेळ संपते.

पण काका, अंघोळीचं जमलं नाई तुमचं. मले असाच एक भेटला होता. दहा मिनिटाचा डाव, माझा एक हत्ती जास्त, अन् हा भाऊ चूप. मी आपला खाली जाऊन पोहे खाऊन आलो, तर्री दुसऱ्यांदा मागून घेतली. वर येऊन पाहतो त काय? पठ्ठ्यानं शेवटच्या पाच सेकंदात चाल करून ठेवली होती. घड्याळ माझं चालून राह्यलं होतं अन् मी टपरीवर! हरलो ना राजेहो. त्या दिवसापासून समोरचा चूप बसला की मी फोन हातातून सोडत नाई, मंग भाजी जळो का काही होवो.

इतवारी_६४:

मी महालवाल्यांच्या बाजूने. दोघांनाही कळलंय की डाव संपला, तर मग पुढच्या तीस चाली कशासाठी? सोडण्यात एक रुबाब असतो. आजकाल तो कोणाला शिकवायचाच नाही. अंघोळीबद्दल मात्र तुम्हाला माफी नाही.

पंच_जुना:

पोरांच्या स्पर्धांना पंच म्हणून बरीच वर्षं उभा राहिलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत कलम ५.१.२ एवढंच सांगतं, की ज्याचा प्रतिस्पर्धी हार मान्य करतो तो जिंकला. कधी मान्य करावी यावर एक अक्षर नाही. म्हणजे सोडणं हा हक्क आहे, सक्ती नाही. याउलट कलम ११.५ प्रतिस्पर्ध्याला त्रास द्यायला किंवा त्याचं लक्ष उडवायला मनाई करतं, सारखी सारखी बरोबरी मागत राहणंही त्यात येतं. तेव्हा एकटा राजा घेऊन पळणारी तुमची मुलगी नियमात बसते, चॅटमध्ये शिव्या देणारा बसत नाही. चॅट बंद करायची सोय असते, आजच करा.

महालवाले, तुम्ही "समोरच्याचा वेळ" म्हणालात तिथे माझं जरा अडलं. तिच्याकडे फक्त राजा होता. समोरच्याचं घड्याळ संपलं असतं तरी तिला जिंकता आलं नसतं, कलम ६.९ प्रमाणे तो डाव बरोबरीतच सुटला असता. म्हणजे घड्याळावर जिंकायची लालूच तिला नव्हतीच, होती ती फक्त समोरचा चुकेल ही आशा. आणि तो चुकलाच की! कोपऱ्यातल्या राजापासून वजीर घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर ठेवला की स्टेलमेट, हे क्लासमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. तिने हे घर लक्षात ठेवावं, उद्या दोन वजीर तिच्याकडे असतील.

लहान मुलांना सोडायला शिकवू नका असं मी म्हणतो, ते पाहिलंय म्हणून म्हणतो. नऊ वर्षांखालच्या गटात एकदा एका मुलाने शह बसताच मात समजून हात पुढे केला. समोरच्यानेही मात समजूनच हात मिळवला. राजाला एक घर मोकळं होतं. शेजारच्या पटावरचा पोरगा बोलला, "अरे, इथे जाता येत होतं ना!" आणि त्या मुलाचा चेहरा असा झाला, की मला मान वळवून दुसऱ्या पटाकडे बघावं लागलं.

मोठेही फसतात. १९०२ मध्ये माँटे कार्लोला मार्कोने पोपिएलविरुद्ध डाव सोडला, कारण त्याचा उंट जाणार होता. तोच उंट जी१वर टाकला असता तर मार्को जिंकत होता. आणि जून २०२५ मध्ये नॉर्वेत गुकेश कार्लसनसमोर जवळजवळ हरलेला होता. सोडलं नाही, चिवटपणे खेळत राहिला. वेळेच्या कचाट्यात कार्लसन चुकला आणि डाव फिरला. त्याने टेबलावर मूठ आपटली, सोंगट्या उडाल्या. पुढे सॉरी म्हणाला, जाताना गुकेशच्या पाठीवर थापही मारली, पण लोकांना मूठच आठवते.

दोन तगडे खेळाडू तासन् तास समोरासमोर बसले असतील, तर इतवारीवाले म्हणतात ते मलाही पटतं. तिथे सोडणं म्हणजे "तुला हे जिंकता येतं हे मला ठाऊक आहे" अशी पावती असते. सहावीतल्या पोरांनी एकमेकांना ती कशाच्या जोरावर द्यायची?

राहिली अंघोळ. समोरचा पान सोडून गेला तर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर थोड्या वेळाने विजय मागता येतो. पान उघडं ठेवून नुसतं बसून राहिला तर घड्याळ संपेपर्यंत वाट बघायची, दुसरा इलाज नाही. असं वारंवार करणाऱ्याला काही काळ खेळायला बंदी होते. तुम्हाला झाली नसेल, एकदाच केलंत म्हणून.

दुपारची_लाइट:

एक भर. समोरचा गप्प झाला म्हणजे दरवेळी तो अंघोळीला गेलेला नसतो. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आमच्याकडे लाइट गेली, वायफाय गेलं, मी जिंकत असलेला डाव "सोडून पळाले" म्हणून हरले. समोरच्याने मला काय म्हटलं असेल देव जाणे.

आणि दादा, "भीक" हा शब्द मागे घ्या. डाव राहू द्या बाजूला, अबोला त्या शब्दाचा आहे.

महालवाला:

सगळ्यांना धन्यवाद. तर्रीवाल्या भाऊ, तुमचं वाचून बायको हसत सुटली, तिथेच अर्धा अबोला सुटला. इतवारीवाले, माफी मिळणार नाही हे मान्य.

दुपारचीताई, काल रात्री जेवणं झाल्यावर शब्द मागे घेतला. पोरगी म्हणाली, "नुसतं बोलून नाही चालणार, पट काढा." घरातला जुना प्लास्टिकचा पट काढला, त्यात एका काळ्या उंटाच्या जागी बाटलीचं बूच आहे. माझं नशीब असं, की शेवटी माझ्याकडे एकटा राजा आणि तिच्याकडे राजा नि हत्ती. ओट्यावर असतो तर केव्हाच आडवा केला असता. नाही केला. म्हटलं, दे मात.

तिला ते पाठ नव्हतं. माझा राजा पटभर फिरवून फिरवून तिने ए८च्या कोपऱ्यात आणला. तिचा राजा सी६वर, हत्ती एच७वर. हात हत्तीकडे गेला, तो बी७वर सरकवला असता तर पुन्हा स्टेलमेट, या खेपेला माझ्या नावावर. मी श्वास रोखून बसलो होतो, काय व्हावं म्हणून ते मलाच कळत नव्हतं. बोटं हत्तीच्या वरच थांबली. मग हात मागे घेतला आणि राजा बी६वर ठेवला. मी बी८वर गेलो, हत्ती एच८वर आला. मात.

"बाबा, केव्हाच सोडायला हवं होतं तुम्ही," ती सोंगट्या भरता भरता म्हणाली, "किती वेळ खाल्लात."

या भानगडीत गॅसवरचं दूध उतू गेलं. ओटा मी पुसला.