घरचा कचरा कोणी न्यावा, दारावर येणाऱ्या वेचकाने की ठेकेदाराच्या गाडीने?

पायवाट (मूळ लेखन)

मिळकतकर भरत असताना कचरा नेणाऱ्या वेचकाला दरमहा वेगळे पैसे का द्यायचे, हा प्रश्न पुण्यात दर काही वर्षांनी उपस्थित होतो आणि त्यापाठोपाठ हे काम ठेकेदाराच्या गाड्यांकडे सोपवावे अशी मागणी येते. माझे मत या मागणीच्या विरोधात आहे. वेचकांविषयी मला आदर आहेच, पण माझा मुख्य मुद्दा कचऱ्याचे वर्गीकरण नेमके कुठे घडते हा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. रद्दी, पत्रा, काच, प्लॅस्टिक वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिच्या सभासदांत दलित स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि त्यांतल्या अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून शहरात आलेली आहेत. कुंडीत आणि उकिरड्यावर हात घालून त्या जे शोधत होत्या, ते घराच्या दारातच स्वच्छ आणि वेगळे मिळावे, या विचारातून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांहून अधिक वेचक या व्यवस्थेत काम करतात. वेचक घरोघरी जाऊन ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेते, ओला महापालिकेच्या गाडीपर्यंत ढकलगाडीने पोहोचवते, सुका निवडून विकते. घरटी शंभर रुपयांच्या आसपास मिळणारे मासिक शुल्क आणि विक्रीचे पैसे एवढीच तिची कमाई असते. तिला महापालिकेचा पगार नाही.

या रचनेतली खरी ताकद तिच्या हिशेबात आहे. सुका कचरा कोरडा राहिला तरच त्याला भाव येतो. आमटी सांडलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, त्यामुळे तुम्ही ओल्याच्या बादलीत दुधाची पिशवी टाकलीत की त्याच दिवशी, तुमच्याच दारात, तुम्हाला त्याबद्दल ऐकावे लागते. उलट जिथे ठेकेदाराला टनाच्या मापाने पैसे मिळतात, तिथे कचरा जितका भिजलेला आणि जड, तितके देयक मोठे होते. वर्गीकरण व्हावे असे वाटण्याचे कोणतेच कारण त्याच्यापाशी उरत नाही.

पुण्यात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण होतो. तो एकत्र करून शहराबाहेर नेला की काय होते, हे जिथे पुण्याचा कचरा टाकला जात होता त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी गावांच्या लोकांनी वर्षानुवर्षे भोगले आहे. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधीने जगणे अवघड झाले आणि कचऱ्याच्या गाड्या अडवण्याची वेळ गावकऱ्यांवर पुन्हा पुन्हा आली.

ताळेबंद

पायवाट, आपली मांडणी मन लावून वाचली, पण मूळ आक्षेपाला आपण उत्तर दिलेले नाही. कचरा उचलणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे आणि कर्तव्यासाठी कर घेतला जातो. दरमहा शंभर म्हणजे वर्षाला बाराशे रुपये होतात. एका खोलीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला आणि चार खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला हा आकार जवळपास सारखाच पडत असेल, तर त्याला न्याय्य कसे म्हणावे? ज्यांना तो परवडत नाही किंवा द्यायचा नसतो, ती घरे पिशवी नाल्यात टाकतात आणि त्याचा भुर्दंड सगळ्या शहराला पडतो.

दुसरी गोष्ट उत्तरदायित्वाची आहे. वेचक आजारी पडली तर बदली कोणी पाठवायची, तक्रार संस्थेकडे करायची, आरोग्य निरीक्षकाकडे की मुकादमाकडे? जबाबदारी तिघांत वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाच्या माथी शहराची घाण आली, त्याच समाजातल्या स्त्रीने आजही आपला ओला कचरा स्वतःच्या हाताने ओतावा, ही व्यवस्था टिकवण्यात प्रगती कोणती? यंत्र आणावे, गाडी आणावी आणि या बायकांना पगारी, सुरक्षित काम द्यावे.

उत्तरायण

ताळेबंद यांच्याशी मी सहमत आहे आणि उदाहरण इंदूरचे देतो. तिथे महापालिकेच्या गाड्या घरोघरी जातात, गाडीतच निरनिराळे कप्पे असतात आणि चुकीच्या कप्प्यात कचरा टाकू दिला जात नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू) प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. असा प्रकल्प चालवायचा तर ओल्यात प्लॅस्टिक येऊन चालत नाही. म्हणजे गाडी आली की वर्गीकरण संपते, हे पायवाट यांचे गृहीतक तिथे टिकत नाही. २०१७ पासून केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे शहरांच्या स्वच्छतेच्या क्रमवारीत, इंदूर वर्षामागून वर्ष पहिले आले, ते प्रशासनाने रोजच्या रोज लक्ष घातल्यामुळे.

पायवाट

इंदूरचे काम मोठे आहे यात शंका नाही. मात्र तिथेही नागरिकांकडून वापर शुल्क घेतले जाते, त्यामुळे ‘कर भरतो, मग शुल्क का’ हा आक्षेप इंदूरच्या आधाराने मांडता येणार नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तर कचरा निर्माण करणाऱ्याने शुल्क द्यावे, त्याने घरीच ओला, सुका आणि घातक अशा तीन प्रकारांत वर्गीकरण करावे आणि असंघटित वेचकांना या कामात सामावून घ्यावे, या तिन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या होत्या. पुण्यात वस्त्यांसाठी शुल्क कमी ठेवले आहे. त्याच धर्तीवर लहान घरांसाठीही ते कमी व्हावे, हे ताळेबंद यांचे म्हणणे मला मान्य आहे.

उत्तरदायित्वाचा मुद्दाही गंभीर आहे. पण गाडी ठेकेदाराची असली तरी नागरिक, ठेकेदार आणि मुकादम असे तिघे तिथेही असतातच. प्रतिष्ठेविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. गाड्या येतात तेव्हा बहुतेक ठिकाणी याच बायकांचे काम जाते आणि त्या पुन्हा कुंडीपाशी किंवा डेपोवर दिसू लागतात. पगारी नोकरीचे आश्वासन गाडीच्या निविदेत लिहिलेले नसते.

सुईदोरा

माझी आई हे काम करते, म्हणून लिहिते आहे. पायवाटदादा, तुम्ही आमच्या बाजूने बोलता याचे बरे वाटते, पण विक्रीचे चित्र तुम्ही रंगवले आहे तितके चांगले नाही. पांढरा कागद, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा यांना गिऱ्हाईक असते. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने, थर्माकोल, फाटक्या चपला, चिंध्या यांना कोणी विचारत नाही. तो माल आई उचलते, वाहते, निवडून बाजूला काढते आणि त्याचे तिला काहीच मिळत नाही. सुक्या कचऱ्यात असल्या मालाचे प्रमाण माझ्या लहानपणापेक्षा आता कितीतरी जास्त आहे. ही वेष्टने बनवणाऱ्या कंपन्यांवर २०१६ च्या प्लॅस्टिक नियमांनी जबाबदारी टाकलेली आहे, तर तिच्यातला वाटा गोळा करणारीच्या हातात का येत नाही, यावर इथे कोणीच बोललेले नाही.

पावसाळ्यात निवडायला कोरडी जागा नसते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करून द्यावेत, असे किती वेळा सांगितले तरी निम्मी घरे ते तसेच ओल्यात टाकतात आणि आईचा हात त्यात जातो. ताळेबंदकाका प्रतिष्ठेबद्दल लिहितात, त्यात तळमळ आहे हे मी जाणते. पण आईच्या प्रतिष्ठेची सुरुवात त्या लाल खुणेपासून होते, आणि ती खूण करायला कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाही.

ताळेबंद

सुईदोरा, तुमचे लिहिणे वाचून एका बाबतीत मी माझी मांडणी बदलतो. वेचकांना बाजूला सारावे असे मी म्हणणार नाही. पण शुल्क दारोदार मागायला लावणे मला अजूनही चुकीचे वाटते. ते मिळकतकरात घराच्या आकारानुसार समाविष्ट करावे आणि महापालिकेने दर घरामागे ठरलेली रक्कम संस्थेला द्यावी. वेचक राहील, सुका कचरा तिचाच राहील आणि पैशांसाठी कुणाच्या दारात उभे राहण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.

पायवाट

हा प्रस्ताव मला विचार करण्याजोगा वाटतो, पण दोन अडचणी दिसतात. महापालिकेची देयके महिनोन्‌महिने अडकतात, हा अनुभव लहान कंत्राटदारांना नवा नाही. रोजच्या कमाईवर घर चालवणारी बाई तेवढी कळ काढू शकत नाही. शिवाय घर थेट पैसे देते म्हणून वेचक घराला उत्तरदायी असते आणि कचरा मिसळला तर तिला बोलण्याचा अधिकारही राहतो. पैसा वरून आला की हा दुहेरी धाक सुटेल, अशी मला भीती वाटते.

सुईदोरा

आईला विचारले. ती म्हणाली, करातून पैसे आले तरी तिची हरकत नाही, कारण सणाच्या महिन्यात चार-चार वेळा बेल वाजवायचा तिला कंटाळा आला आहे. मात्र रक्कम दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत खात्यात यावी, वेगळा न केलेला कचरा नाकारण्याची मुभा करारात असावी, विकल्या न जाणाऱ्या प्लॅस्टिकला किलोमागे दर मिळावा आणि प्रत्येक प्रभागात निवडायला छपराची जागा असावी. यांतले पहिले तरी लेखी मिळाल्याशिवाय ती दारावरचे शुल्क सोडायला तयार नाही.