एनर्जी वीकचा मंडप गोव्यात, ऊस आमच्या रानात

अथणीकर:
२०२३ च्या फेब्रुवारीत बेंगळूरला इंडिया एनर्जी वीक ही ऊर्जेवरची परिषद भरली, तिथंच मोदींनी ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल सुरू केलं आणि आम्ही ऊसवाले ऊर्जादाता झालो म्हणे. त्याच वर्षी ७ डिसेंबरला केंद्राचा हुकूम, उसाच्या रसापासनं इथेनॉल करू नका, साखर कमी पडेल! आणि २०२४ च्या फेब्रुवारीत परत तेच एनर्जी वीक, त्या खेपेला गोव्यात, चोर्ला घाट उतरला की आलंच, पण ऊसवाल्याला तिथं कोण विचारतंय. माझं म्हणणं एवढंच, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, अजून साखरेच्या उताऱ्यावर ठरते, २०२५-२६ ला १०.२५ टक्क्याला क्विंटलला ३५५ रुपये, मग इथेनॉलचा पैसा माझ्या बिलात कुठल्या रकान्यात येतो ते दाखवा की.

चिकोडीचा पाटील:
अण्णा अर्धंच सांगायलाय तुम्ही. आठवड्यात थोडी सूट दिलीवती आणि २०२४ च्या ऑगस्टात बंदी उठली पण. आधी साखर गोडाऊनला पडून असायची आणि आमचे बाबा बिलासाठी चपला झिजवायचे, प्रत्येक खेपेला "पुढच्या सोमवारी या". डिस्टिलरी झाल्यापासनं निदान बिल वेळेत पडतंय. इथेनॉल नको तर काय, परत साखरेच्या पोत्यांवर बसायचं?

खानापूरची:
पाटीलदादा, बिल वेळेत पडतंय खरं, पण आमच्या पाव्हण्यांच्या गावात ओढ्याला मळीचं पाणी सुटलं की विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतंय, जनावरं तोंड लावत नाहीत. हे कुठल्या परिषदेत मोजतात? गाडीच्या धुराड्यातनं धूर किती कमी निघाला तेवढंच मोजतात. आणि इथेनॉलात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ताकद, माझी २०१६ ची गाडी आधीच कुरकुरतीय, लिटरचा दर मात्र तोच 😀

चिकोडीचा पाटील:
ताई, पाणी सोडणाऱ्याला पकडा की, इथेनॉलला कशाला शिव्या? स्पेंटवॉश, म्हणजे तेच मळीचं पाणी, बॉयलरात जाळायची सोय हाय, खर्च करायचा नाही म्हणून सोडतात.

अथणीकर:
पकडणार कोण? ताईंचं पटलं, मी पाण्याचा विचारच केला नव्हता. पण पाटील, रकाना अजून दाखवला नाही तुम्ही. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला लोक ऊसदरासाठी दिवसच्या दिवस धरणं धरून बसले तेव्हा टनाला ३३०० झालं, ते काय इथेनॉलनं दिलं? आणि आता तर उसापेक्षा मक्यातनंच जास्त इथेनॉल निघतंय, म्हणजे पुढच्या हुकमाला आमची गरज पण नसणार.

चिकोडीचा पाटील:
मका पण आपल्याच रानात लावा मग. जातो, तोडणीची टोळी आलीय, चार दिवस झाले वाट बघून, ऊस तुऱ्याला आलाय. रात्री भांडू.