अमेरिकेचा आरंभ १६१९ की १७७६? वाद एका 'काही'चा

(ऑनलाइन धाग्यातली चर्चा. 'तळटीप', 'काळी शाई' आणि 'पाटीपेन्सिल' ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप: ऑगस्ट २०१९मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकाने '१६१९ प्रोजेक्ट' छापला. व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकी गुलाम उतरवले, त्याला तेव्हा ४०० वर्षं झाली होती. अमेरिकेची गोष्ट तिथून सांगा, असा त्याचा सूर. त्यात पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांनी लिहिलं की अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी ब्रिटनपासून स्वातंत्र्य पुकारलं त्याचं एक प्रमुख कारण गुलामगिरी टिकवणं हे होतं. डिसेंबरात गॉर्डन वुड, शॉन विलेन्ट्झ धरून पाच इतिहासकारांनी हरकत घेतली. मार्च २०२०मध्ये त्या वाक्यात 'काही' वसाहतवाले आले. तेवढ्याने भागत नाही. ब्रिटनविरुद्धच्या लढाईची पहिली गोळी लेक्सिंग्टनला सुटली एप्रिल १७७५मध्ये. व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नर डनमोरने बंडखोरांच्या गुलामांना 'आमच्याकडून लढा, मुक्त करतो' म्हटलं ते नोव्हेंबरात. मग ते बंडाचं कारण कसं?

काळी शाई: लढाई सुरू होणं वेगळं, स्वातंत्र्य पुकारणं वेगळं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा जुलै १७७६चा, डनमोरच्या घोषणेनंतर आठ महिन्यांनी. त्यातली राजाविरुद्धची शेवटची तक्रार वाचा: याने आमच्यात अंतर्गत बंडं (म्हणजे गुलामांची) चेतवली. आणि इंग्लंडमधला १७७२चा, सॉमरसेट या गुलामाचा खटला कुठे गेला? गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, असा न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डचा निकाल. जून १७७४मध्ये 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये बॅकस या पळालेल्या गुलामाला शोधण्याची जाहिरात आहे. तो जॉन ख्रिश्चन नावाने स्वतंत्र माणूस म्हणून वावरेल आणि ब्रिटनला जाणारं जहाज गाठेल, कारण त्याला सॉमरसेटचा निकाल ठाऊक आहे, असं मालकानेच छापलंय!

तळटीप: जाहिरात झकास आहे, पण त्यातून गुलामांना काय कळलं होतं ते दिसतं, मालक त्यापायी बंडाला उठले हे नाही. निकाल इंग्लंडच्या भूमीपुरता होता. डनमोरची सवलतही फक्त बंडखोरांच्या, शस्त्र पेलू शकणाऱ्या गुलामांना. ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिलेल्यांचे गुलाम होते तिथेच. खुद्द ब्रिटनचा गुलामगिरीबंदीचा कायदा १८३३चा, भरपाई २ कोटी पौंड, तीही मालकांना. उलट क्रांतीच्या धामधुमीतच पेनसिल्व्हेनियाने १७८०मध्ये मुक्तीचा कायदा केला.

काळी शाई: त्या कायद्याची कलमं बघा की. आधीचे गुलाम गुलामच. पुढे जन्मणारी मुलं वयाच्या २८व्या वर्षी सुटणार. म्हणजे ऐन उमेदीचं राबणं मालकाच्या पदरात. १७८७च्या राज्यघटनेनेही १८०८पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालू दिली नाही. १७९०च्या शिरगणतीत गुलाम सुमारे ७ लाख, १८६०मध्ये ३९,५३,७६०. 'प्रमुख कारण' हे शब्द जड झाले, मान्य. पण गोष्ट १६१९पासून सांगायची ही चौकट चुकलेली नाही.

पाटीपेन्सिल: आपली मराठी चौकटही तपासा. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. म्हणजे सोडवणारे दुसरे, सुटणारे हे. गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते, ते या चित्रात कुठे?

तळटीप: तिथे रोख वेगळा आहे हो. देशबांधवांनी त्यांचा कित्ता घेऊन शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, असं त्याच अर्पणपत्रिकेत पुढे आहे. ती इथल्यांना टोचण्यासाठी लिहिली होती.

पाटीपेन्सिल: रोख कळला. पण अमेरिकेची गुलामगिरी म्हटलं की मराठी वाचक आजही तिथूनच सुरुवात करतो, आणि बॅकसचं नाव या धाग्यातही जाहिरातीपुरतंच आलं.