सिडनी २००८ : कसोटी पंचांनी घालवली की फलंदाजांनी?

धागाकर्ता

जानेवारी २००८ मधल्या भारत-ऑस्ट्रेलिया सिडनी कसोटीचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना इशांत शर्माच्या चेंडूने त्याच्या बॅटची कड घेतली, धोनीने झेल टिपला, पंच स्टीव्ह बकनर यांनी अपील फेटाळले आणि सायमंड्सने पुढे आणखी १३२ धावा काढून नाबाद १६२ पर्यंत मजल मारली. सामना आपण १२२ धावांनी हरलो. या दोन आकड्यांची वजाबाकी केली की बहुतेकांच्या लेखी खटला निकालात निघतो. तो निर्णय चुकीचा होता याबद्दल वाद नाही. चेंडू बॅटला लागला होता हे खुद्द सायमंड्सनेही दिवसाचा खेळ संपल्यावर मान्य केले होते. माझा आक्षेप आहे तो या वजाबाकीला.

ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावातील ज्या ६ बाद १३४ या धावसंख्येचा दाखला आपण देतो, तिच्यापर्यंतची घसरगुंडीही चुकीच्या निर्णयाचा हात लागल्याशिवाय झालेली नव्हती. ऑस्ट्रेलिया २ बाद ११९ असताना ५५ धावांवर खेळणाऱ्या कर्णधार पाँटिंगला हरभजनच्या गोलंदाजीवर पायचीत देण्यात आले, तेव्हा चेंडू आधी बॅटला लागून मग पॅडवर गेला होता. (पाँटिंग त्याआधीच, गांगुलीच्या चेंडूवर १७ धावांवर यष्टीमागे झेलबाद असूनही वाचला होता, हा प्रतिवाद येणार याची कल्पना आहे. त्यातून माझेच म्हणणे पुढे सरकते: चुकांचा हिशेब मांडायला बसलो की तो कोठे थांबवायचा हे आपण आपल्या सोयीने ठरवतो.)

शिवाय पहिल्या डावातील त्या अन्यायाची भरपाई आपल्या फलंदाजांनी करून दाखवली होती. लक्ष्मणच्या १०९, सचिनच्या नाबाद १५४ आणि हरभजनच्या अनपेक्षित ६३ धावांच्या बळावर आपण ५३२ पर्यंत पोहोचलो आणि ६९ धावांची आघाडी घेतली. म्हणजे दोन्ही संघांचा एकेक डाव संपला तेव्हा सामना आपल्या बाजूला झुकलेला होता. पुढे हेडनचे १२३, हसीचे नाबाद १४५, ऑस्ट्रेलियाचा ७ बाद ४०१ वर घोषित डाव आणि आपल्यापुढे ७२ षटकांत ३३३ धावांचे लक्ष्य. जिंकण्याचे सोडा, एवढी षटके केवळ तग धरायची होती. आपला डाव २१० धावांत आटोपला तो ७१ व्या षटकात, मायकल क्लार्कच्या पाच चेंडूंत हरभजन, आर. पी. सिंग आणि इशांत परतल्यावर. क्लार्क आणि सायमंड्स या दोन कामचलाऊ फिरकीपटूंनी मिळून आपले सहा फलंदाज बाद केले, हे वाक्य मला आजही बकनर यांच्या कोणत्याही निर्णयापेक्षा अधिक बोचते. नाचता येईना अंगण वाकडे, असे कोणी म्हणाले तर आपल्याकडे त्याला काय उत्तर आहे?

(हरभजन आणि सायमंड्स यांच्यातील वादाची चर्चा येथे नको, तो स्वतंत्र विषय आहे.)

तिसरी स्लिप

अंगण खरोखरच वाकडे असेल तर ते सांगण्यात लाज कसली?

आपण सहा बळींचा आकडा दिलात, पण त्यातला पहिला बळी कोणाचा होता आणि तो कसा मिळाला, यावर एक शब्दही लिहिला नाहीत. तो राहुल द्रविडचा होता. सामना वाचवायचा असेल तर जगातला कोणताही कर्णधार ज्याची निवड डोळे झाकून करील, असा हा फलंदाज १०३ चेंडू खेळून ३८ धावांवर उभा होता. सायमंड्सचा तो चेंडू त्याने पुढचा पाय टाकून पॅडने अडवला. बॅट त्याने मुद्दाम पॅडच्या मागे दडवली होती, कारण चेंडूला बॅटची कड मिळू द्यायचीच नव्हती. चेंडू पॅडला लागून यष्टिरक्षक गिलख्रिस्टच्या ग्लोव्हजमध्ये गेला, अपील झाले आणि बकनर यांचे बोट वर गेले. चेंडू आणि बॅट यांच्यातले अंतर पाहण्यासाठी रिप्लेचीही गरज नव्हती. त्याच षटकात युवराज शून्यावर गेला आणि ३ बाद ११५ चे ५ बाद ११५ झाले.

आपण ज्याला फलंदाजांचे अपयश म्हणता, त्याचा कणाच या निर्णयाने मोडला. युवराजला त्या क्षणी खेळायला यावे लागले ते द्रविड बाद दिला गेला म्हणून. अखेरचे तीन फलंदाज क्लार्कपुढे उघडे पडले तेही वरच्या फळीतला एक गडी फुकट गेला म्हणून. अनिर्णित राहण्यासाठी खेळणाऱ्या संघाच्या हाती दोनच गोष्टी असतात, गडी आणि वेळ. आपला एक गडी पंचांनी काढून घेतला आणि शेवटी आपल्याला वेळ कमी पडला तो जेमतेम सात चेंडूंचा. १३२ वजा १२२ ही वजाबाकी भाबडी आहे हे मलाही मान्य आहे, परंतु पाचव्या दिवसाचा हिशेब धावांचा नव्हताच.

नाइट वॉचमन

दोन्ही बाजू सर्व चुका एकाच पारड्यात टाकत आहेत, हे मला पटत नाही. पंचांच्या चुका दोन प्रकारच्या असतात. एक नजरेची आणि कानाची: सायमंड्सची कड, पाँटिंगचे पायचीत, द्रविडची बॅट. वेगवान चेंडू, प्रेक्षकांचा गलका, निर्णयासाठी मिळणारी काही सेकंदे. हे सगळे लक्षात घेता अशा चुकांना पूर्वीपासून थोडी क्षमा मिळत आली आहे. (द्रविडच्या बाबतीत मात्र मलाही ती द्यावीशी वाटत नाही, फिरकी गोलंदाजी, बॅट पॅडच्या आड, यात गोंधळ होण्यासारखे काय होते?)

दुसरा प्रकार कार्यपद्धतीच्या चुकांचा आहे आणि सिडनीचे खरे दुखणे तेथे आहे. ५१ धावांवर खेळणाऱ्या गांगुलीचा झेल ब्रेट लीच्या गोलंदाजीवर क्लार्कने स्लिपमध्ये जमिनीलगत घेतला. मैदानावरचे दुसरे पंच मार्क बेन्सन यांनी तिसऱ्या पंचांकडे विचारणा केली नाही; त्यांनी पाँटिंगकडे पाहिले, पाँटिंगने बोट वर केले आणि गांगुलीला तंबूत जावे लागले. अशा झेलांबाबत क्षेत्ररक्षकाचा शब्द प्रमाण मानायचा, असे दोन्ही कर्णधारांनी मालिकेपूर्वी ठरवले होते हे खरे. पण ज्या क्लार्कचा शब्द प्रमाण मानला गेला, तोच क्लार्क ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात कुंबळेच्या चेंडूवर स्लिपमध्ये द्रविडच्या हाती सरळसोट झेल गेल्यावरही पंचांच्या निर्णयाची वाट पाहत खेळपट्टीवर उभा राहिला होता. तो करार त्याच क्षणी निकालात निघायला हवा होता.

कोरी पाटी

तिघांचेही प्रतिसाद वाचले. पंच आणि फलंदाज यांच्या भांडणात गोलंदाज मात्र अलगद सुटले आहेत.

६ बाद १३४ वरून ४६३ म्हणजे अखेरच्या चार जोड्यांनी ३२९ धावा जोडल्या. त्यातली सायमंड्स आणि ब्रॅड हॉग यांची भागीदारी १७३ धावांची होती. हॉगच्या ७९ धावांबद्दल बकनर यांना कसा दोष देणार? एक निर्णय विरुद्ध गेला की खांदे पाडायचे आणि पुढचे दोन तास प्रतिस्पर्ध्याला मोकळे रान द्यायचे, ही आपल्या संघाची जुनी सवय होती.

दुसरा मुद्दा सायमंड्सच्या खेळीचा. जीवदान मिळाले म्हणून ती खेळी खोटी ठरवायची, हा न्याय मला मान्य नाही. स्लिपमध्ये झेल सुटल्यावर फलंदाजाने शतक केले तर आपण ते शतक म्हणूनच मोजतो. पंचांच्या हातून सुटणे आणि क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटणे, यांत फलंदाजाच्या दृष्टीने कोणता फरक आहे? पुढचे १३२ त्याला बॅटनेच काढावे लागले.

तिसरी स्लिप

फरक आहे आणि तो मोठा आहे. झेल सोडणारा संघ स्वतःच्या चुकीची किंमत मोजतो. पंचांच्या चुकीची किंमत मात्र चूक न करणाऱ्या संघाला मोजावी लागते. इशांतने आपले काम चोख केले होते, धोनीनेही केले होते. गोलंदाजांनी खांदे पाडले हे मान्य, पण एकच फलंदाज दोनदा बाद करायला लागणे कोणत्याही गोलंदाजाला परवडत नाही.

धागाकर्ता

द्रविडचा निर्णय त्या सामन्यातला सर्वांत वाईट निर्णय होता, याविषयी माझे दुमत नाही. परंतु तो बाद झाल्यावरही सामना संपलेला नव्हता. खेळपट्टीवर तग धरता येत होता याचा पुरावा खुद्द आपला कर्णधार अनिल कुंबळेने नाबाद ४५ धावा काढताना तब्बल १११ चेंडू खेळून दिला. त्याच्या साथीला असलेल्या धोनीने ३५ धावांवर काय केले? सायमंड्सचा आत वळणारा चेंडू फटका न खेळता पॅडवर घेतला आणि पायचीत झाला. त्यात पंचांनी आपले काहीही हिरावून घेतले नाही.

तंत्रज्ञान असते तर न्याय झाला असता, असे सुचवणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की त्याच वर्षी श्रीलंकेत रिव्ह्यू पद्धतीचा (पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याच्या सोयीचा) पहिला प्रयोग झाला, त्यात आपल्याच संघाने रिव्ह्यू इतके वाया घालवले की पुढे अनेक वर्षे आपल्या मंडळाने त्या पद्धतीला विरोध केला. आणि २०१९ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हेडिंग्ले कसोटी आठवा. इंग्लंडला विजयासाठी दोन धावा हव्या असताना लायनच्या चेंडूवर बेन स्टोक्स पायचीत होता. पंच जोएल विल्सन यांनी नाबाद ठरवले आणि ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यू शिल्लक नव्हता, कारण तो थोड्याच वेळापूर्वी लीचविरुद्धच्या फोल अपिलावर उधळला गेला होता. स्टोक्सची नाबाद १३५ धावांची खेळी आपण थोर मानतो ना? मग सायमंड्सला वेगळा नियम का?

एक अप्रिय गोष्टही लिहून टाकतो. त्या मालिकेत द्रविड सलामीला येऊन चाचपडत होता. याच सिडनीत पहिल्या डावात तो ४० चेंडू १८ धावांवरच अडकून पडला होता आणि एक धाव निघाली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तो दिवसभर टिकलाच असता, हे आपण गृहीत धरतो आहोत.

नाइट वॉचमन

हेडिंग्लेचा दाखला उलट्या बाजूने लागू पडतो. तेथे दाद मागण्याची सोय होती आणि पाहुण्या संघाने ती गैरवापराने गमावली. सिडनीत कुंबळेला ती सोय मुळात नव्हती. एकच संघ खेळभावनेने खेळत होता, हे त्याचे सामन्यानंतरचे प्रसिद्ध उद्गार याच हतबलतेतून आलेले होते.

तिसरी स्लिप

धागाकर्त्यांनी द्रविडविरुद्ध दिलेला पुरावा मी त्याच्या बाजूने वापरतो. ४० चेंडू एकाच धावसंख्येवर अडकून पडूनही विकेट न फेकणारा फलंदाज धावांचा पाठलाग करताना अडचणीचा ठरेल, पण सामना अनिर्णित राखायचा असताना तुम्हाला नेमका तोच हवा असतो. तो फॉर्मात नव्हता म्हणावे, तर अवघ्या दहा दिवसांनी पर्थ कसोटी सुरू झाली, तेथे सेहवाग संघात परतल्याने द्रविड पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर आला आणि पहिल्याच डावात त्याने ९३ धावा केल्या. त्या सामन्याला बकनर नव्हते, त्यांच्या जागी बिली बाउडेन यांना पाठवण्यात आले होते, आणि ऑस्ट्रेलियाची सलग १६ विजयांची मालिका आपण ७२ धावांनी खंडित केली. संघ जवळपास तोच होता, फलंदाज बहुतांशी तेच होते. सिडनीत त्यांना नाचता येत नव्हते, असे म्हणणाऱ्यांनी पर्थचा धावफलक एकदा समोर ठेवावा.