शनिवारचा ‘९६’: शाळेचा भाग कापायचा का?

ए-२०३, सांस्कृतिक समिती: शनिवारी हॉलमध्ये ‘९६’ हा सिनेमा लावतोय. तमिळ, २०१८, दिग्दर्शक सी. प्रेमकुमार, विजय सेतुपती (राम) आणि त्रिशा (जानू). अडीच तासांच्या वर आहे. शाळेचा भाग गाळून थेट वर्गमित्रांच्या गेट-टुगेदरपासून लावू, असं दोघातिघांचं म्हणणं आहे. काय करू या?

बी-५०१: अजिबात गाळू नका हो. सगळी मेख तिथेच आहे. जानू वर्गात गाते, रामची फर्माईश दरवेळी एकच, ‘यमुनै आट्रिले’, आणि नेमकं तेच ती गात नाही. २२ वर्षांनी त्याच्या घरी रात्री लाइट जाते, तो उजेडाची सोय करायला उठतो आणि अंधारात ती तेच गाणं सुरू करते. तो धडपडत परत येतो. शाळा पाहिलेली नसेल, तर तो का धावला हेच कळणार नाही.

सी-१०४: काकूंशी सहमत. गाणं मुळात ‘थलपती’ सिनेमातलं (१९९१), संगीत इळैयाराजांचं. इथे साथीला वाद्यं नाहीत, नुसता गायिका चिन्मयीचा आवाज. तेव्हा पंख्यांची घरघर चालणार नाही. एसी आधी लावून हॉल गार करून ठेवा आणि त्या प्रसंगाच्या आधी पंखे बंद करा. दाराच्या फटीतून पॅसेजचा उजेड येतो, तिथे जाड चादर लावा. प्रसंग इतका काळोखा आहे की थोडा उजेड आला तरी पडद्यावर नुसतं करडं दिसेल.

ए-२०३: ठीक, पूर्ण लावू. सबटायटल मागच्या वेळी पुढेमागे होत होती, त्याचं काय?

सी-१०४: दोन वेगळे दोष असतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक तेवढाच राहिला तर व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी सरकवा, एका दाबाला ५० मिलिसेकंद. फरक वाढतच गेला तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) जुळत नाहीये, २३.९७६ आणि २५ ची गल्लत. तिथे नुसतं सरकवून उपयोग नाही, दुसरी फाइल घेणं बरं. म्हणून पहिलं मिनिट आणि शेवटची दहा मिनिटं, दोन्ही तपासा. ब्लूटूथ स्पीकर नको, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. वायरच लावा.

बी-५०१: गाण्यांचे शब्द सबटायटलमध्ये नसले तर आधी दोन वाक्यांत फर्माईशीचं सांगून टाका.

डी-३०२: ‘९९’ हा कन्नड रिमेक (२०१९) लावला तर? अभिनेत्री भावना आहे त्यात.

बी-५०१: मूळच लावा. शाळकरी राम आणि जानू म्हणून आदित्य भास्कर आणि गौरी किशन जे बुजलेपण आणतात, त्यावर पुढचा सगळा संकोच उभा आहे. रामच्या घरच्यांनी कर्जापायी गाव सोडलं, सुट्टीनंतर जानू वर्गात वाट पाहत राहिली. खिशात मोबाइल नव्हते, म्हणूनच एक चुकलेला निरोप इतकी वर्षं चुकलेलाच राहतो.

डी-३०२: पटलं. शाईच्या डागाच्या शर्टाचं काय होतं ते मात्र कुणी इथे लिहू नका.

ए-२०३: नक्की. साडेसातला पहिल्या फ्रेमपासून. उशिरा येणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या, आत येताना टॉर्च खाली धरा.